रिकाम्या खाटेभोवतीचा पडदा

आमच्या वॉर्डात पडदा ओढावा तो शिडीभाऊंनीच. बाकी आम्ही सगळ्या पडदा ओढायचो म्हणजे त्याच्याशी मारामारीच करायचो. कड्या अडकायच्या, कापड मध्येच हट्टाला पेटायचं, आणि पेशंटचं जे झाकायचं नेमकं तेवढंच उघडं राहायचं. शिडीभाऊ ताडमाड उंच. हात वर केला की बोटं थेट दांडीला लागायची. ते एकेक कडी बोटाने पुढे सारत जायचे आणि बघता बघता खाट चारही बाजूंनी बंद व्हायची. आवाज नाही, फट नाही. आमच्या इनचार्ज सिस्टरनी कुणाला बरं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनीसुद्धा एकदा आम्हा सगळ्यांना खाटेजवळ उभं केलं आणि म्हणाल्या, "बघा. पेशंटची लाज कशी राखायची ते ह्यांच्याकडून शिका."

शिडीभाऊंनी मान खाली घातली. मुलींना वाटलं, काय हा विनय. विनय कसला, तो माणूस शरमेने अर्धा झाला होता. कारण पडदा ते पेशंटसाठी ओढतच नव्हते. स्वतःसाठी ओढत होते, आणि हे त्यांच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं.

आमच्या नर्सिंगच्या वर्गात सगळ्या मुली, शाळेतून नुकत्या बाहेर पडलेल्या. वयाने वाढलेली आम्ही दोघंच. एक मी, पोर शाळेत जायला लागल्यावर शिकायला आलेली, आणि दुसरे ते, वर्गातले एकुलते एक पुरुष. मुली आम्हाला आजी-आजोबा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी वर्गातली ट्यूब लुकलुकायला लागली, शिपाई शिडी शोधायला गेला, आणि ह्यांनी बाकावर पाय न ठेवता नुसता हात वर करून ती नीट बसवली. तेव्हापासून ते शिडी. तोंडावर शिडीभाऊ. त्यांचं खरं नाव हजेरीच्या वेळी ऐकू यायचं आणि आम्ही ते लगेच विसरायचो.

ह्या कोर्सला पुरुष येईल हे युनिफॉर्म शिवणाऱ्या कंत्राटदाराच्या गावीही नव्हतं. त्याच्याकडे कपडा बेतायचा एकच नमुना होता, बायकांचा. माप वाढवून त्यातच त्याने शिडीभाऊंचा पांढरा झगा शिवून दिला. छातीला दोन्हीकडून ब्लाउजसारखे टक्स, आणि बटणं बायकांच्या बाजूला. शिडीभाऊ त्यावर कायम एक फाईल धरून फिरायचे, बाळ छातीशी धरावं तशी. भेटायला आलेले लोक त्यांची उंची, फाईल आणि मिशी बघून विचारायचे, "डॉक्टर, आमच्या पेशंटचं कसं आहे?" आपण डॉक्टर नाही हे ते कधी सांगायचे नाहीत. "सिस्टर येतील, त्या सांगतील," एवढंच म्हणून पुढे सटकायचे. माझ्या जिभेला हाड नाही. मी मागून म्हणायचे, "डॉक्टरसाहेब, सात नंबरचं लघवीचं भांडं राहिलंय." त्यांचे कान लालबुंद व्हायचे.

त्यांच्या खांद्याला एक जाड कापडाची पिशवी असायची. एकदा जिन्यात तिचा बंद तुटला आणि घडी केलेल्या युनिफॉर्मच्या आतून पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं खणखणत पायऱ्यांवरून खाली गेलं. मी एकेक उचलून देत म्हटलं, "अहो, पेशंटचे नट आवळता की काय?"

ते पायरीवरच बसले. म्हणाले, "ताई, घरी माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मी हे शिकतोय ते. बायकोला माहीत आहे. दादाला नाही. दादाला वाटतं मी इथल्या लिफ्ट बघतो."

मग सगळं बाहेर आलं. शिडीभाऊ लिफ्टचे मेकॅनिक. धंदा थोरल्या भावाने शिकवला, ती पिशवीही भावाचीच, त्याच्या उमेदवारीच्या दिवसांतली. पुढे आई अंथरुणाला खिळली. बहीण नव्हती. दादा आईला बघायला वरच्या मजल्यावरून रोज खाली यायचा, पण तिचे कपडे बदलायची वेळ आली की दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. धाकट्याने मात्र बाह्या सरसावल्या. घरी येणाऱ्या नर्सने त्यांना आईला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला फोड येऊ नये म्हणून काय करायचं ते दाखवलं आणि म्हणाली, "हात चांगला आहे तुमचा." ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं. आई गेल्यावर पुन्हा लिफ्टच्या कामाला गेले, पण लक्ष लागेना. बायकोनेच अर्ज आणून दिला. आता त्याच दादाला कुठल्या तोंडाने सांगायचं की तू दिलेली पिशवी खांद्याला लावून मी नर्स व्हायला जातो? दादाचं एक ठरलेलं बोलणं होतं, पुरुषाच्या हाताला ग्रीसचा वास यावा. शिडीभाऊ घरी जाण्याआधी हातांना खरोखरच थोडं ग्रीस लावायचे. युनिफॉर्म धुतला की न्हाणीघरात वाळायचा, कारण गॅलरीत पांढरा कपडा दिसला असता तर वरून दादाने विचारलं असतं की लिफ्टवाल्याला पांढरे कपडे कधीपासून लागायला लागले.

त्यात आमच्या इमारतीची लिफ्ट सदा बंद. ती बातमी कुणाकडून तरी दादाच्या कानावर जायची आणि संध्याकाळी तो धाकट्याला समोर बसवून फैलावर घ्यायचा. "तुझ्या हाताखालची लिफ्ट अशी रखडते? माझ्याकडे शिकलास म्हणून सांगायची लाज वाटते मला." शिडीभाऊ गप ऐकून घ्यायचे. हे सांगताना ते हसले, मीही पोट धरून हसले. मग त्यांचं हसू मावळलं आणि ते बुटांकडे बघत बसले.

"सांगून टाका," मी म्हटलं.

"सांगेन. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली. मग म्हणाले, दुसरं वर्ष सुरू होऊ दे. दुसरं वर्षही सुरू झालं. ह्या सगळ्यात पडदा हे त्यांचं हत्यार झालं होतं. ओळखीच्या चेहऱ्यासारखा कुणी वॉर्डाच्या दारात दिसला रे दिसला, की ह्यांनी जवळच्या खाटेचा पडदा ओढलाच. पेशंट बिचारा बघत राहायचा की आपण तर नुसते पेपर वाचतोय.

हाडांच्या वॉर्डात आमची पाळी लागली तेव्हा तिथे टेलरकाका होते. म्हातारे, एकटे, खुब्याचं ऑपरेशन झालेले. जन्मभर लोकांची मापं घेतली, पण स्वतःच्या अंगाला कुणाचा हात लागू देतील तर शपथ. आमच्यापैकी कुणी भांडं घेऊन गेलं की डोळे मिटून घ्यायचे आणि "नको, नाही लागली," म्हणायचे. पोट फुगून ताठ व्हायचं तरी नाहीच. शिडीभाऊंनी त्यांना बरोबर हाताळलं. जाऊन गप्पा मारत बसायचे, बोलता बोलता पडदा ओढायचे, आणि काकांना कळायच्या आत काम उरकलेलं असायचं. ह्या एका खाटेपुरता पडदा खरोखर पेशंटसाठी होता, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

काकांनी पहिल्याच दिवशी त्यांना नीट निरखून घेतलं होतं. म्हणाले, "अरे, हा झगा बायकांचा आहे."

"माहीत आहे काका."

"छातीचे टक्स मी उसवून देईन. उठून बसायला लागू दे मला."

काकांच्या उशाशी त्यांचं अंगुस्तान असायचं, सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटाच्या टोकाला घालतात ते पत्र्याचं टोपण. ते घातल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. भरलेल्या वॉर्डात 'मला भांडं द्या' म्हणून हाका मारायच्या म्हणजे काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून शिडीभाऊंनी त्यांच्याशी एक खूण ठरवली. काकांनी अंगुस्तानाने खाटेची दांडी वाजवायची, टक टक, की शिडीभाऊ हजर. बाकी कुणाला पत्ता नाही. मलासुद्धा नाही. म्हातारा सारखा काहीतरी वाजवत असतो, एवढंच मी धरून चालले होते.

भेटीच्या वेळेला वॉर्डाचा बाजार होतो. त्या दुपारी तसाच झाला होता. मी टोकाच्या खाटेवर ड्रेसिंग उरकून हात पुसत होते, तेवढ्यात दारातून एक धिप्पाड गृहस्थ धापा टाकत आत आले. जिने चढून आल्यामुळे राग नाकावर. आदल्या दिवशी आमच्याकडे पाय मोडलेला एक लिफ्टचा कामगार दाखल झाला होता, त्याला भेटायला आले होते. त्याची चौकशी केली आणि मग थेट माझ्याकडे आले.

"सिस्टर, लिफ्ट बंद आहे खाली."

"रोजचंच आहे ते."

"रोजचं आहे म्हणूनच विचारतो. इथे लिफ्टवर माझा भाऊ असतो. उंच आहे. त्याला जरा बोलावता का? चांगला झापतो त्याला."

शिडीभाऊ मिनिटापूर्वी समोरच होते, आता दिसेनात. मग मला नऊ नंबरची खाट दिसली. सकाळीच पेशंट घरी गेलेला, गादी गुंडाळून ठेवलेली, आणि त्या रिकाम्या खाटेभोवती पडदा कडेकोट ओढलेला. पडदा जमिनीपर्यंत पोचत नाही. खाली दोन मोठे पांढरे बूट दिसत होते, एकमेकांना चिकटून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे.

"बघते," मी म्हटलं आणि त्यांच्या समोर अशी उभी राहिले की बूट दिसू नयेत.

तेवढ्यात कुठूनतरी आवाज आला. टक टक. दादांनी कान टवकारले. "हे काय वाजतंय?"

"काही नाही, वाजत असेल काहीतरी."

पुन्हा टक टक. जरा थांबून पुन्हा, आता घाईघाईने. दादा जातिवंत मेकॅनिक. ते खाटा बघत निघाले. "कुठला तरी नट सैल झालाय. पेशंट पडेल एखादा." आवाजाच्या मागे मागे जाऊन ते नेमके टेलरकाकांच्या खाटेपाशी थांबले, आणि मग एकदम तोंड फिरवून मला म्हणाले, "सिस्टर, लवकर या."

काकांचं अंथरूण भरलं होतं. पडदा उघडाच. समोरच्या खाटेजवळ कुणाची तरी सून, दोन पोरं, हातात फळांची पिशवी घेतलेला एक माणूस, सगळे नाकावर हात ठेवून बघतही होते आणि न बघितल्यासारखंही करत होते. काकांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली होती. चादरीबाहेर फक्त अंगुस्तान घातलेला हात राहिला होता, दांडीवर.

मी पडद्याशी नेहमीची मारामारी करून तो ओढला. आत गेल्यावर काका चादरीतून म्हणाले, "उशीर केला मी. तो बिचारा चहाला गेला असेल." मी काय ते समजले नाही. त्यांचं अंग पुसलं, चादर बदलली. ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्या उंच पोराला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल."

दादा तोंड वाकडं करून निघून गेले. जाताना म्हणाले, "काय हॉस्पिटल आहे. लिफ्ट चालत नाही, माणसं चालत नाहीत." ते जिना उतरल्यावर मी नऊ नंबरचा पडदा खसकन बाजूला केला. शिडीभाऊ गुंडाळलेल्या गादीला टेकून उभे होते. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"ते टक टक काय होतं?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. हळू आवाजात, एकेक शब्द उपटून काढल्यासारखं.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

"सगळं."

त्यावर मला जे सुचलं ते मी बोलले नाही, आणि माझ्यासारख्या फटकळ बाईला ते किती जड गेलं ते मलाच माहीत. मी भरलेली चादर त्यांच्या हातात दिली आणि निघून गेले.

संध्याकाळी इनचार्ज सिस्टरनी मला फैलावर घेतलं. वॉर्डात मी होते, पेशंट माझ्या डोळ्यांसमोर होता, मग असं झालंच कसं. मुली उभ्या होत्या. शिडीभाऊही उभे होते, सगळ्यांच्या मागे, सगळ्यांहून उंच. त्यांचे ओठ हलले, पण आवाज बाहेर आला नाही. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "निदान पडदा तरी वेळेवर ओढायचा. ते शिडीभाऊ असते तर असं झालं नसतं." मी त्यांच्याकडे बघितलं. जमिनीने पोटात घेतलं असतं तर ते आनंदाने गेले असते.

दुसऱ्या दिवशी काकांनी पाणी सोडलं. सोडलं म्हणजे तसं बोलले नाहीत. ग्लास पुढे केला की ओठ ओले करायचे आणि ठेवून द्यायचे. चहा नको, दूध नको. लागलीच नाही तर कुणाला बोलवायलाही नको, हा त्यांचा हिशोब. अंगुस्तान उशीखाली गेलं. शिडीभाऊ जवळ गेले की काका त्यांच्याशी नेहमीसारखं गोड बोलायचे, आणि तेच त्यांना सहन व्हायचं नाही. म्हाताऱ्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याऐवजी तो म्हणायचा, "तू जा बाबा, तुला कामं आहेत." जीभ कोरडी पडली, ताप चढला, सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, तोंडाने पाणी गेलं पाहिजे, नाहीतर हे प्रकरण अवघड होईल.

त्या दिवशी शिडीभाऊ इनचार्ज सिस्टरच्या खोलीत गेले. मी दाराशी औषधांचा ट्रे लावत होते, मला ऐकू आलं. त्यांनी काही लपवलं नाही. भाऊ, रिकामी खाट, टक टक, आणि माझ्यावर आलेलं बोलणं आपण मुकाट्याने येऊ दिलं, हेसुद्धा. मग म्हणाले, "मला दुसरा वॉर्ड द्या. त्या खाटेजवळ मला उभं राहवत नाही."

सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमचं कौतुक मी सगळ्यांसमोर केलं होतं. ते आता परत कसं घेऊ?"

सिस्टरनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला.

"वॉर्ड बदलून मिळणार नाही. त्या पेशंटने पाणी बंद केलंय ते तुमच्यामुळे. तो पाणी प्यायला लागेपर्यंत ती खाट तुमची. जा."

ते तसेच काकांकडे गेले. पडदा ओढला नाही. स्टुलावर बसले, म्हणजे उंची जरा कमी झाली, आणि म्हणाले, "काका, त्या दिवशी मी चहाला गेलो नव्हतो. तिथेच होतो, नऊ नंबरच्या पडद्यामागे. तुम्ही वाजवलेलं ऐकलं होतं."

काकांनी डोळे उघडले. "ऐकलं होतंस?"

"हो."

"तीनदा वाजवलं मी."

"हो."

"मग कुणापासून लपला होतास?"

"भावापासून. मी हे काम करतो ते त्याला कळू नये म्हणून."

काका छताकडे बघत राहिले. त्यांना राग आला का, मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. मग म्हणाले, "तू भावापासून लपलास. मी कुणामागे लपायचं होतं?"

शिडीभाऊंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. काकांनी तोंड फिरवलं.

भेटीचा पुढचा दिवस आला. आज कामगाराला घरी सोडायचं होतं, म्हणजे दादा येणार हे नक्की. मी शिडीभाऊंना म्हटलं, "तुम्ही स्टोअरमध्ये जा हवं तर. काकांकडे मी बघते." आमचं बोलणं बंद होतं, तरी म्हटलं. माणूस आहे शेवटी.

ते म्हणाले, "नको ताई."

फाईल त्यांनी टेबलावर ठेवून दिली. काकांच्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, दाराकडे तोंड करून. पांढरा झगा, छातीला टक्स, बटणं उलट्या बाजूला. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. एकदा पाठीमागे घेतले, एकदा पुढे, शेवटी सोडून दिले.

दादा आले. आजही जिना चढूनच. कामगाराच्या खाटेकडे चालले असताना मध्येच थबकले. माणूस उंच असला की त्याला ओळखायला जवळ जावं लागत नाही.

"तू वर काय करतोयस? लिफ्ट बंद आहे खाली."

"मी लिफ्टवर नाही दादा."

"मग?"

"नर्सिंग शिकतो. दुसरं वर्ष आहे."

दादांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. नजर बटणांवर अडली, तिथेच राहिली. वॉर्ड बोलायचा थांबला होता. अशा वेळी नेमके सगळ्यांचे कान तिखट होतात. दादा आवाज खाली आणून म्हणाले, "दोन वर्षं मी लोकांना काय सांगत होतो? भाऊ अख्ख्या हॉस्पिटलच्या लिफ्ट सांभाळतो. आणि तू इथे..." पुढचा शब्द त्यांना सापडेना. "लाज नाही वाटली?"

"वाटत होती," शिडीभाऊ म्हणाले. "त्या लाजेपायी..."

टक टक.

शिडीभाऊंचं वाक्य तिथेच तुटलं. काकांचं अंगुस्तान उशीखालून कधी बाहेर आलं ते कुणी बघितलं नव्हतं. दांडीवर हात होता, डोळे मिटलेले होते. शिडीभाऊ भावाला म्हणाले, "दादा, जरा मागे सर." दादा मागे सरले. पडदा सरसर फिरला, आणि आम्ही दोघं बाहेर राहिलो, मी आणि तो धिप्पाड माणूस.

दादांना जायला हरकत नव्हती. कामगार तयार होऊन बसला होता. पण ते पडद्यासमोर तसेच उभे राहिले, दोन्ही हात खिशात घालून. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आईच्या वेळी पण मी असाच उभा असायचो. बाहेर."

आतून काकांचा आवाज आला. "भांडं ठेव बाजूला. लागली नाही मला."

"मग?"

"बघत होतो, येतोस का."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. कुणाचं ते पडद्याबाहेरून कळणं शक्य नव्हतं, आणि मी सांगणारही नाही.

"लागायला पोटात काही हवं ना," काका म्हणाले. "पाणी दे."

काका पाणी प्यायले. घोट घोट, मध्ये दम घेत, पण ग्लास रिकामा केला. ते सगळं बाहेर ऐकू येत होतं. मग पडदा उघडला. शिडीभाऊंचे डोळे लाल होते आणि त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतली नव्हती.

दादा त्यांच्या पिशवीकडे बघत होते. ती खाटेखाली होती, बंद मी शिवून दिलेला. ते वाकले आणि एकेक पाना, पकड, स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढून आपल्या कोटाच्या खिशांत कोंबायला लागले. खिसे फाटायला आले. पिशवीत एक घडी केलेला युनिफॉर्म उरला. तो त्यांनी परत आत ठेवला, पिशवी धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाने मला लागतील. तुला इथे कशाला?"

"दादा..."

"आणि ते हाताला ग्रीस लावणं बंद कर. शिळं ग्रीस लावायचास. मला वाटायचं काम कमी झालंय तुझं, म्हणून काही बोललो नाही कधी." एवढं बोलून ते कामगाराला खांद्याचा आधार देऊन निघाले. मागे वळून बघितलं नाही. जिन्यात बराच वेळ त्यांच्या खिशांचा खळखळाट ऐकू येत होता.

शिडीभाऊ रिकामी पिशवी धरून उभे होते. सुटले एकदाचे, असं मला वाटलं होतं, पण तसं दिसत नव्हते. मान अजून खालीच होती, आणि ती दादामुळे नव्हती. काकांनाही ते दिसलं असावं. ते म्हणाले, "तो झगा काढून दे उद्या. कात्री आण लहानशी."

दुसऱ्या दिवशी उशीला टेकून, अंगुस्तान बोटात घालून, काकांनी टक्स उसवले. सलाईनचा हात वाचवत, एकेक टाका अलगद काढत. कापडावर टाक्यांच्या जागी बारीक भोकांची ओळ राहिली. दोन-तीन धुण्यांत ती भरून येईल म्हणाले. शिडीभाऊ समोर बसून बघत होते.

"आणि बटणं, काका?"

काकांनी बटणांची पट्टी बोटांनी चाचपली, उलटी करून बघितली, उजेडात धरली. मग झगा घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"टक्स उसवता येतात," काका म्हणाले. "ही काजं कापलेली आहेत. त्याला काही करता येत नाही. ते आता असंच घालायचं."

शिडीभाऊंनी झगा घातला, उलट्या बाजूची बटणं वरपासून खालपर्यंत लावली आणि काकांसाठी दुसरा ग्लास भरायला गेले.